मागच्या खोलीपर्यंत तार

‘बिनतारी’ हा शब्द आमच्या पिढीने लहानपणी ऐकला तो पोलिसांच्या संदेशयंत्रणेसंबंधी. त्या शब्दाला एक दरारा होता. तार म्हणजे पोस्टातून येणारी, तारवाला दारात दिसताच आधी छातीत धस्स व्हावे अशी. आणि तारेवाचून निरोप पोहोचवणे हे फक्त सरकारला साधणारे. पुढे २०१३ साली आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, आणि बिनतारी यंत्रणा आता घरोघरी कोनाड्यात दिवे मिचकावीत बसली आहे. काळ असा फिरला, की आज घरात नवी तार ओढायची म्हटले तर तिचेच समर्थन करावे लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असे समर्थन महिनाभर चालले होते. सुनेच्या लॅपटॉपला इंटरनेट वायफायने मिळावे की तारेने, एवढाच प्रश्न. वरकरणी तो बाजारातल्या दुकानदाराने पाच मिनिटांत सोडवावा इतका किरकोळ आहे. परंतु त्या लॅपटॉपवर काय चालते हे कळल्यावाचून तो सोडवता येत नाही, आणि आमच्या घरात ते फार थोड्यांना नीट ठाऊक होते.

आमची सून वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणे हे तिचे काम. सकाळी ती सांगलीतच एका केंद्रात जाते. परंतु जत, आटपाडी या तालुक्यांतल्या काही मुलांना आठवड्यातून दोनदा सांगलीला आणणे त्यांच्या पालकांना झेपत नाही, एस.टी.चे भाडे एक वेळ जुळवता येते, पण बुडालेला रोजगार भरून निघत नाही. अशा मुलांचे पाठ ती दुपारी घरूनच घेते. पडद्यावर समोर मूल, त्याच्या शेजारी त्याची आई, आणि मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटरचे अंतर.

या पाठात काय घडते ते सांगायला हवे. ‘पाय’ आणि ‘माय’ हे दोन शब्द वाचकांनी आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता, म्हणून पाहावेत. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आपल्याला कान असल्यामुळे हे कधी लक्षातच येत नाही. ज्याला पुरेसे ऐकू येत नाही त्या मुलापुढे मात्र हे दोन शब्द जुळ्या भावंडांसारखे उभे राहतात. म्हणून सून ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरते. ‘प’ म्हणताना पट्टी हलते. ‘म’ म्हणताना ती हलत नाही. त्याऐवजी नाकावर बोट ठेवले तर थरथर जाणवते. हे पट्टीचे हलणे निमिषमात्र असते. नेमक्या त्या निमिषाला पडद्यावरचे चित्र गोठले, तर मुलाला पट्टी स्थिर दिसते, आणि ते ‘पाय’ला ‘माय’ समजते. व्याख्यान ऐकताना एखादे वाक्य तुटले तर आपण अंदाजाने भरून काढतो. इथे अंदाजासाठी लागणारी भाषाच अजून यायची आहे. तुटलेले चित्र त्या मुलाला उलटेच काही शिकवून जाते, आणि ते शिकलेले पुसायला सुनेला पुढचे दोन पाठ घालवावे लागतात.

आता घराविषयी. आमचा वाडा सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून फार दूर नाही. जोते काळ्या दगडाचे, वरच्या भिंती मातीत बांधलेल्या विटांच्या, हातभर रुंदीच्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी आले तेव्हा खालचा मजला बुडाला, आणि तेव्हापासून विजेची म्हणून जी वस्तू आहे ती माडीवर, असा घराचा नियमच झाला. इंटरनेटची काचतंतूची तारही त्यामुळे रस्त्याकडच्या बाजूने थेट माडीवर येते. तिची पेटी, म्हणजे राउटर, माडीवरच्या पुढच्या खोलीत आहे. सुनेची खोली मागे, परसाच्या अंगाला. मध्ये दोन जाड भिंती, जिना, आणि पितळी व स्टीलच्या भांड्यांनी गच्च भरलेली एक लोखंडी मांडणी. तीही पुरानंतरच वर आलेली.

तिनेच पुढच्या खोलीत बसावे, असे सुचवणारे घरात होते. पण पुढच्या खोलीखाली रस्ता आहे. रिक्षांचे हॉर्न आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्या श्रवणयंत्र लावलेल्या मुलाच्या कानात जशाच्या तशा जातात, किंबहुना मोठ्या होऊन जातात. आपला कान गोंगाटातून हवा तो आवाज निवडून घेतो. यंत्राला ते तितकेसे साधत नाही. तेव्हा मागची शांत खोली ही सुनेची हौस म्हणता येणार नाही.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे वायफाय मागच्या खोलीत का अडखळते, हे समजून घेणे मला आवडलेच. वायफायच्या लहरी साधारणपणे दोन पट्ट्यांत असतात : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफाये, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टी, सगळे तिथेच. गावभागातल्या अरुंद बोळात उभे राहून फोन उघडला की दहा-अकरा घरांची नावे एकाखाली एक दिसतात. दुसरा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण त्याच्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर थकतात. ओली भिंत तर त्यांना आणखीच शोषून घेते, आणि आमच्या भिंती आषाढापासून दिवाळीपर्यंत कोरड्या म्हणाव्यात अशा नसतातच. भांड्यांची मांडणी म्हणजे लहरींपुढे उभा केलेला धातूचा पडदा. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच सूक्ष्म लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती, हे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. पण घंटा वाजवायला एकदा पोहोचले तरी पुरते. ओठांची हालचाल दाखवायची तर क्षणाक्षणाला पोहोचावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वायफाय ही एका अर्थाने शाळेच्या वर्गासारखी व्यवस्था आहे : एका वेळी एकानेच बोलायचे. घरातला प्रत्येक फोन, दूरदर्शन संच, लॅपटॉप आधी कानोसा घेतो, कोणी बोलत नसेल तर बोलतो, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाऊन थोडे थांबून पुन्हा बोलावे लागते. दोनच विद्यार्थी असतील तर हे उत्तम चालते. आमच्या घरात दुपारी नऊ फोन असतात. त्यात एखादा फोन दूर, कमजोर जागी असला, तर तो सावकाश बोलतो आणि त्याचे संपेपर्यंत इतरांना थांबावे लागते. तारेचे तसे नसते. आजच्या तारेतून जाणारे आणि येणारे एकाच वेळी, एकमेकांना न अडवता जाते-येते, आणि त्या तारेवर दुसरे कोणी बोलतच नसते.

या दोघींचे नाते मात्र मोठे मौजेचे आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडली. समुद्रातून तार टाकणे महाग, म्हणून हा मार्ग. टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलायचे, ही रीत तिथली. तिचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात डेव्हिड बॉग्ज यांच्यासह संगणक तारेने जोडण्याची पद्धत बसवली. म्हणजे तारेची ही पद्धत बिनतारीच्या पोटी जन्मली. तिचे नाव ठेवले ‘ईथरनेट’. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटे, ते सर्वव्यापी ईथर. असे काही नसते हे आम्ही मुलांना शिकवत आलो. आणि ज्याचे अस्तित्वच नाही त्याचे नाव मिरवणारी तार आता आम्हीच घरात ओढायला निघालो होतो.

चिरंजीवांचा कल वायफायकडेच होता. त्यांचे म्हणणे, मध्ये एक रिपीटर लावला की झाले. रिपीटर स्वस्त असतो हे खरे. पण साधा रिपीटर ऐकलेले तेच त्याच वाहिनीवर पुन्हा म्हणतो, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. एकाने निरोप ऐकायचा, मग दुसऱ्याला सांगायचा, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचे. जाड भिंतींच्या घरात तो ठेवायचा कुठे, हाही प्रश्न असतो. ज्या जागी त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही, तिथून तो पुढे काय सांगणार? दोन-तीन पेट्यांचा महागडा संच घेतला तर हा दोष बराच कमी होतो. मात्र असा संच सर्वांत चांगला चालतो तो त्याच्या पेट्या एकमेकींना तारेने जोडल्यावर, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले सापडले तेव्हा चिरंजीवही हसले.

खरा विरोध थोरल्या दिरांचा होता. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे, आणि इंटरनेटशी त्यांचा संबंध नातवंडांच्या छायाचित्रांपुरता. पण त्यांची हरकत तंत्रज्ञानाला नव्हती.

‘‘भिंतीला ड्रिल लावायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पुरात भिजलेली माती आहे ती. एक भोक पाडाल आणि परातभर माती खाली येईल.’’

हे अक्षरशः खरे होते. पुरानंतर खालच्या मजल्यावर एक खुंटी ठोकताना हेच घडलेले सर्वांनी पाहिले होते. जुन्या मातीच्या भिंतीला हातोड्याचे ड्रिल सोसत नाही. अशा घरात तार ओढू पाहणाऱ्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, मग केबलवाल्याला. कोणती भिंत कशाने बांधली आहे आणि कुठून काय जाते, हे नकाशात नसते; ते त्यांच्या डोक्यात असते.

वाटही अण्णांनीच दाखवली. आमच्या सासऱ्यांच्या काळी वाड्यात मोठा रेडिओ होता. त्यासाठी माळ्यावर तांब्याच्या जाळीची लांब एरिअल बांधलेली असे, आणि तिची तार तुळईच्या कडेने, दरवाजांच्या चौकटींवर पाडलेल्या भोकांतून रेडिओपर्यंत उतरत असे. रेडिओ गेला, एरिअल गेली, चौकटींतली भोके राहिली. एकावर रंगाचा थर बसला होता, दुसऱ्यात गांधीलमाशीने घर केले होते; ते रिकामे असल्याची खात्री करून हलकेच काढले. बिनतारी रेडिओसाठी पाडलेल्या वाटेने आमची इंटरनेटची तार गेली. भिंतीला धक्काही लागला नाही.

तारेच्या खरेदीविषयी थोडे सांगते, कारण दुकानात हे आपण होऊन कोणी सांगत नाही. ‘कॅट सिक्स’ या नावाची केबल घ्यावी. घरगुती कामाला ती पुरून उरते. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकीभोवती पिळलेली. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरून येणारा विजेचा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि पलीकडच्या टोकाला दोहोंतला फरकच मोजला जात असल्याने तो उपद्रव वजा होतो. म्हणून जॅक बसवताना जोड्या गरजेपेक्षा जास्त उलगडू देऊ नयेत. तारा संपूर्ण तांब्याच्या आहेत ना, हे विचारून घ्यावे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, दिसते तशीच, पण ठिसूळ असते. लांबीची मर्यादा शंभर मीटर. आम्हाला बावीस मीटर पुरली. विजेच्या तारेला चिकटवून ती नेऊ नये, चार बोटे अंतर ठेवावे. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपना या तारेचे खोबणच नसते, त्यासाठी यूएसबीला लावायचा एक छोटा जोड वेगळा घ्यावा लागतो. तो धरून सगळा खर्च आमच्याकडे अडीच हजारांच्या आत आटोपला. पेट्यांच्या संचाची किंमत याच्या कितीतरी पट होती.

मोजल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही मास्तरकीची सवय. आमची जोडणी सेकंदाला शंभर मेगाबिटची. पुढच्या खोलीत राउटरच्या शेजारी बसले तर वायफायवरही नव्वदच्या वर वेग मिळत होता. मागच्या खोलीत वायफायवर तो कधी तीस, कधी अठरा. तारेने चौऱ्याण्णव. आता गंमत अशी, की सुनेच्या पाठाला तीन-चार मेगाबिट पुरतात. म्हणजे अठरा असतानासुद्धा पाठ निर्विघ्न व्हायला हवा होता, आणि ‘वेग तर भरपूर आहे’ असे चिरंजीव म्हणत होते ते आकड्यांनी खरेच होते. मग चित्र गोठते का? त्यासाठी दुसरे माप घ्यावे लागले. लॅपटॉपने राउटरला क्षणाक्षणाला एक छोटी हाक द्यायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते नोंदवायचे. याला ‘पिंग’ म्हणतात. तारेवर प्रत्येक हाकेचे उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येत राहिले, तासभर, एकसारखे. वायफायवर बहुतेक उत्तरे पाच-सात हजारांश सेकंदांत येत, आणि मग मधूनच एखादे दोनशे, तीनशे, कधी येतच नसे. सरासरी काढली तर दोन्ही चांगलेच दिसतात. कागदाची पट्टी हलते ती सरासरीत हलत नाही.

या मोजणीने आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मला वेगापेक्षा मोठी वाटते. वायफायवर काम चालले होते तोवर सुनेला दररोज दुपारी घराला विनंती करावी लागे : तीन ते पाच कोणी फोनवर चित्रफिती पाहू नका, दूरदर्शन संच बंद ठेवा. सगळे हो म्हणत आणि सव्वातीनला कोणी तरी सामना लावीच. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. काम मागच्या खोलीत, दार लावून चालते. ते दिसत नाही, म्हणून ते लक्षात राहत नाही. चिरंजीवांची बँकेतली नोकरी बाहेर असल्याने तिचे वेळापत्रक सारे घर पाळते. डबा आठ चाळीसला तयार हवा म्हणजे हवाच. घरात बसून काम करणाऱ्या सुनेला मात्र तेवढ्यासाठी रोज सर्वांची मर्जी राखावी लागावी, हे मला पटत नव्हते. तारेने ती विनंतीच अनावश्यक केली. बाहेरून येणारी जोडणी अजूनही सामायिक आहे, पण तिथे शंभरांतले चार बाजूला निघणे अवघड नाही. अडचण होती ती घरातल्या हवेत. आता कोणी सामना पाहिला तरी मागच्या खोलीत पट्टी हलायची ती हलतेच.

तारेला बंधने आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. लॅपटॉप टेबलाला बांधला जातो. गच्चीत बसून काम करण्याची सोय जाते, केर काढताना तारेत केरसुणी अडकते, आणि मोबाइल फोन तर तार लावून वापरायची वस्तूच नव्हे, त्यामुळे घरातले वायफाय बंद झालेले नाही आणि होणारही नाही. एका जागी बसून करायच्या कामाला तार आणि फिरत्या कामाला वायफाय, अशी वाटणी आपोआप झाली. एखाद्या नव्या सदनिकेत, अर्ध्या विटेच्या भिंती आणि राउटर त्याच खोलीत असेल, तर तारेचा खटाटोप कोणी करू नये, असेच मी सांगेन.

शिवाय वीज गेली की तार आणि वायफाय दोन्ही सारखीच मुकी होतात. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर विझतो. त्याला बारा व्होल्टची एक लहान बॅटरी-पेटी लावली, ती दोन-तीन तास तग धरते. रस्ता खणताना काचतंतूच तुटला, आणि तो पावसाळ्यात एकदा तुटलाच, तर फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देऊन वेळ निभवावी लागते. अशा वेळी सून नवा उच्चार शिकवत नाही. चित्रे दाखवून जुन्या शब्दांची उजळणी घेते.

आणि तारेने आमच्या बाजूची वाट पक्की केली, तरी पलीकडची वाट फोनचीच आहे. तिथे आमचा हात पोहोचत नाही. म्हणून सुनेने आयांसाठी एक पानभर सूचना मराठीत लिहिल्या आहेत : फोन हातात धरू नये, टेकवून ठेवावा, पत्र्याच्या खोलीत असाल तर दाराशी किंवा ओसरीवर बसावे, पाठाच्या वेळी फोनवरचे दुसरे काही उघडे नसावे, फोन आधी पूर्ण चार्ज करावा, उजेड मुलाच्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे, पाठीमागे खिडकी नको. पहिल्या आठवड्यात तिने प्रत्येक आईला घरातल्या तीन-चार जागी फोन ठेवायला लावून कुठून चित्र न अडखळता येते ते पाहिले. जतकडच्या एका घरात ती जागा ओसरीवरच्या ज्वारीच्या कणगीपाशी निघाली. त्या आईने कणगीवर चुन्याने खूण करून ठेवली आहे, आणि पाठाच्या दिवशी फोन तिथेच टेकवलेला असतो.